ग्रेटेस्ट हिट्स : निवडीचा हक्क कोणाचा?

मराठी वाचकाला ‘निवडक’ आणि ‘समग्र’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या कवीच्या निवडक कविता हाती घेताना आपण संपादक कोण ते आधी पाहतो, आणि काय वगळले यावरून वादही घालतो. संगीताच्या बाजारात ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नावाने जो निवडक संग्रह मिळतो, त्याच्या संपादकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही निवड लोकांनीच केली, आम्ही फक्त गाणी एकत्र केली, असा त्याचा आविर्भाव असतो. अमेरिकेतील कंट्री संगीत आणि कंट्री, ब्लूज व लोकगीते यांच्या मुळांवर वाढलेले रॉक, ज्याला ‘रूट्स रॉक’ म्हणतात, यांच्या इतिहासात हा आविर्भाव तपासून पाहण्यासारखा आहे.

आधी या प्रकाराचा जन्म पाहू. 1958 साली कोलंबिया कंपनीने जॉनी मॅथिस या पॉप गायकाची गाजलेली गाणी एकत्र करून ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ काढला आणि तो वर्षानुवर्षे खपत राहिला. स्टुडिओचे भाडे नाही, वादकांचे मानधन नाही, गाणे चालेल की नाही ही धाकधूक नाही. असा माल पुन्हा पुन्हा विकता येतो, हे सगळ्या कंपन्यांच्या ध्यानात आले.

कंट्री संगीताला हा साचा विशेष मानवला, कारण ते मुळात अल्बमचे नव्हेच, एकेका गाण्याचे संगीत होते. रेडिओ आणि ज्यूकबॉक्स ही त्याची घरे. हँक विल्यम्सचेच पाहा. 1 जानेवारी 1953 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी, कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर तो मरण पावला. तोवर त्याच्या नावावर दहा इंची दोनच अल्बम होते. बाकी सारे कर्तृत्व सुट्या तबकड्यांत विखुरलेले. त्याला ‘ग्रंथरूप’ देण्याचे काम त्याच्या पश्चात संग्रहांनीच केले. पण ते सरळपणे झाले नाही. साठच्या दशकात त्याच्या कंपनीने जुन्या ध्वनिमुद्रणांवर व्हायोलिनचे ताफे चढवले, म्हणजे आवाज मेलेल्या माणसाचा आणि साज नव्या फॅशनचा. 1978 साली निघालेल्या ‘40 ग्रेटेस्ट हिट्स’ या संग्रहाचे मोल इथे कळते. त्यात हे कलम केलेले साज काढून मूळ मोनो ध्वनिमुद्रणे दिली होती. नंतरच्या पिढ्यांना हँक विल्यम्स त्याच्या स्वतःच्या वाद्यमेळासह ऐकू आला तो अशा संपादनामुळे.

पॅट्सी क्लाइनची गोष्ट याहून ठळक आहे. मार्च 1963 मध्ये विमान अपघातात ती गेली तेव्हा ती 30 वर्षांची होती आणि तिचे तीनच स्टुडिओ अल्बम आले होते. 1967 साली डेका कंपनीने तिची 12 गाणी ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणून काढली. विली नेल्सन नावाच्या, तेव्हा फारशा नाव नसलेल्या गीतकाराचे ‘क्रेझी’ हे गाणे त्यातलेच. पुढे हा संग्रह अमेरिकेत एक कोटी प्रतींच्या वर गेला. बहुसंख्य श्रोत्यांच्या लेखी पॅट्सी क्लाइन म्हणजे ही 12 गाणी. संग्रहाने तिला जिवंत ठेवले. त्याच वेळी तिची हद्दही आखून टाकली.

1976 साली या व्यवहाराचा आकारच बदलला. फेब्रुवारीत ईगल्स या कंट्री रॉक बँडचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स (1971–1975)’ आला. दहा लाख प्रतींसाठीचे ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र त्याच वर्षी सुरू झाले आणि ते मिळवणारा हा पहिला अल्बम ठरला. 2018 मध्ये त्याची नोंद 3 कोटी 80 लाखांवर पोचली आणि त्याने मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकले. त्यातल्या दहा गाण्यांत ‘डेस्पराडो’ आहे, आणि हे गाणे ईगल्सने सिंगल म्हणून कधी काढलेच नव्हते! म्हणजे ‘हिट्स’च्या यादीत हिट नसलेले गाणे शिरले आणि त्या संग्रहात बसून अजरामर झाले. लोकांची निवड आणि कंपनीची निवड यांतली रेघ इथे पुसली जाते. दुसरी बाजूही आहे. 1973 चा मूळ ‘डेस्पराडो’ अल्बम डूलिन-डाल्टन या दरोडेखोरांच्या टोळीभोवती गुंफलेली एक सलग कथा होती. संग्रहाने त्यातली दोन गाणी उचलली. कथा मागे राहिली.

निवडण्याचा अधिकार मुळात येतो कुठून? एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, तर त्या गाण्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. जुन्या करारांमध्ये ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडे जाई. त्यामुळे बँड फुटला, गायक रुसला किंवा वारला, तरी कंपनीला संग्रह काढता येई.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. कॅलिफोर्नियाच्या या चौघांनी 1968 ते 1972 या अवघ्या काही वर्षांत रूट्स रॉकचा पाया घातला. बँड फुटल्यावर, 1976 च्या जानेवारीत, फँटसी कंपनीने ‘क्रॉनिकल’ काढला. वीस गाणी, साधारण कालक्रमाने लावलेली, सिंगलच्या दोन्ही बाजूंना न्याय देणारी. संपादन म्हणून हे काम चोखच आहे. पण ज्याने यातली बहुतेक गाणी लिहिली आणि गायली, त्या जॉन फोगर्टीला करारातून सुटण्यासाठी आपले ध्वनिमुद्रणांचे मानधन सोडून द्यावे लागले होते. गाण्यांचे हक्कही त्याच्याकडे नव्हते. कित्येक वर्षे त्याने ही गाणी मंचावर म्हटली नाहीत. 1987 साली व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने हा अबोला सोडला.

मधल्या काळात कंपनीने त्याच्यावर खटला भरला. त्याचे 1985 चे ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणे त्याच्याच ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे, असा दावा होता. स्वतःचीच चोरी! फोगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि 1988 मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. कॉपीराइटच्या दाव्यात जिंकणाऱ्या प्रतिवादीला वादीचाच निकष लावला पाहिजे, असे न्यायालयाने 1994 मध्ये ठरवले.

2004 साली कंपनीची मालकी बदलल्यावर त्याचे मानधन सुरू झाले आणि 2023 मध्ये गाण्यांच्या हक्कांतला मोठा हिस्सा त्याने परत मिळवला. ऐंशी पूर्ण केल्यावर, 2025 मध्ये, त्याने ‘लेगसी’ हा अल्बम काढला. त्यात जुनी वीस गाणी त्याने नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित केली. ‘क्रॉनिकल’मध्येही वीसच. आपला निवडक संग्रह कवीने स्वतः संपादित करावा, तसे हे झाले. त्याला 49 वर्षे लागली.

सगळेच कलाकार असे हतबल नव्हते. केनी रॉजर्सच्या 1980 च्या संग्रहात ‘लेडी’ हे कोरे गाणे होते आणि तेच देशात अव्वल ठरले. 1993 मध्ये टॉम पेटीनेही आपल्या संग्रहासाठी ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ नवे दिले. पुढच्याच वर्षी गार्थ ब्रुक्सने ‘द हिट्स’ मर्यादित काळापुरताच विक्रीला ठेवण्याची अट घातली. मूळ अल्बमांची गरज संपू नये, हा त्यामागचा हिशेब.

आज गाणी एकेकटी, मोबाइलवर मिळतात. जो तो आपली यादी करतो किंवा यंत्राने केलेली यादी ऐकतो, तरी ‘क्रॉनिकल’ अमेरिकेच्या तक्त्यांवर टिकून आहे. श्रोत्याला अजूनही कोणीतरी केलेली निवड हवी असते, आणि त्यात काही गैर नाही. फक्त निवडक कवितांना विचारतो तेच प्रश्न या संग्रहांनाही विचारावेत. निवड कोणी केली, काय वगळले, आणि ज्याची गाणी आहेत त्याला त्यातले काय मिळाले?