अंतर मोजायचे ते सेकंदात

पाठीवरच्या ओझ्याबद्दल आज लिहितो, असे गेल्या आठवड्यात कबूल केले होते. ते आज जमणार नाही. धनुष्याच्या ताणावरचा लेख वाचून एका वाचकांनी असा नेमका प्रश्न धाडला आहे, की त्याला बगल दिली तर ओझ्याचा लेखही लंगडा पडेल. ते विचारतात: कंपाउंडवाला, म्हणजे चाकांच्या धनुष्याचा शिकारी, साठ यार्डांवरून एल्क हे मोठे हरीण पाडतो, रायफलवाला तीनशेवरून. मग लाँगबो किंवा रिकर्व्ह हे साधे, बिनचाकांचे धनुष्य घेऊन रॉकी पर्वतात शिरणाऱ्याने वीस यार्डांचा हट्ट धरायचा, ही शिस्त आहे की नुसती ऐट? आणि ऐट असेल, तर तिची किंमत त्या जनावराने का मोजायची? प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येऊ. पहिल्याचे उत्तर माझ्या मते असे, की यार्ड हे मापच इथे फसवे आहे. शिकाऱ्याने अंतर मोजायचे ते सेकंदात. तसे मोजले की वीस यार्डांचा आकडा कुणाच्या हट्टातून आलेला नाही हे दिसते, आणि एल्कसाठी वर्षभर जी तयारी करायची तिची सगळी सूत्रे त्या एका मापाला बांधलेली सापडतात.

वीस यार्ड म्हणजे किती, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची. ५०-५५ पौंड ताणाच्या साध्या धनुष्यातून ६०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३९ ग्रॅमचा बाण सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५२ मीटरच्या आसपास असतो. तासाच्या हिशेबात १८७ किलोमीटर. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात टाकलेला १६१.३ किलोमीटरचा चेंडू आठवा. आपला बाण त्याच्यापेक्षा थोडासाच वेगवान आहे. बाण म्हटले की डोळ्यांसमोर वीज चमकते, पण हिशेब सांगतो की ही एका फार वेगवान गोलंदाजाची करामत आहे, बंदुकीची नाही. वीस यार्ड (१८.३ मीटर) कापायला या बाणाला ०.३५ सेकंद लागतात, चाळीसला ०.७. एकशेचाळीसच्या वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो आणि तेवढ्यात तो खेळताही येतो, हे आपण रोज पाहतो. मग जन्मभर लांडगा, अस्वल आणि पहाडी सिंहावर कान ठेवून जगलेल्या जनावराला पाऊण सेकंद देणे म्हणजे किती देणे, याची कल्पना येईल.

आता हा वेळ जनावर कसा वापरते ते पाहू. प्रत्यंचेचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने धावतो, म्हणजे बाणाच्या कितीतरी पुढे. वीस यार्डांवर तो ०.०५ सेकंदात पोचतो, आणि बाण यायला आणखी ०.३ उरतात. ऐकून स्नायू हलेपर्यंत ०.२ सेकंद गेले असे धरले, तर प्रत्यक्ष हालचालीला उरला एक दशांश सेकंद. दचकलेले हरीण उडी घेण्याआधी पाय मुडपून खाली बसते, पण गुरुत्वाकर्षणापेक्षा वेगाने कुणालाच खाली जाता येत नाही. एक दशांश सेकंदात मुक्तपणे पडणारी वस्तू पाच सेंटिमीटर खाली येते. चाळीस यार्डांवर तोच हिशेब केला की हालचालीला चार दशांश सेकंद मिळतात आणि ती मर्यादा ७८ सेंटिमीटर होते. एल्क काही दरवेळी इतका दचकत नाही, पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षा तो बराच सुस्त. पण सुस्त जनावरही चालते. रमतगमत चालणारा एल्क ०.३५ सेकंदात अर्ध्या मीटरच्या आत सरकतो, ०.७ सेकंदात जवळजवळ एक मीटर. एल्कच्या छातीतला फुप्फुसांचा भाग साधारण चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, एखाद्या परातीएवढा. या परातीबाहेर बाण लागला, तर पोटात किंवा मांडीत जखम घेऊन ते जनावर निघून जाते. म्हणून वीस यार्डांवरही चालत्या एल्कवर बाण सोडायचा नाही, तो थांबला पाहिजे. आणि चाळीस यार्डांवर थांबलेला एल्क बाण पोचेपर्यंत थांबलेलाच राहील याची हमी नाही. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट होतो, पण जनावराच्या हाती उरणारा वेळ चौपट होतो. सारा फरक इथे आहे.

यावर नेमबाजांचा आक्षेप ठरलेला: ‘हात चांगला असेल तर?’ ऑलिंपिकमधले तिरंदाज रिकर्व्हनेच ७० मीटरवरून १२.२ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाणांमागून बाण बसवतात, मग चाळीस यार्डांचे काय घेऊन बसलात? पण त्या मैदानात ७० मीटर हे सगळ्यांना आधी ठाऊक असतात, धनुष्याला नेम धरायची साइट आणि तोल राखणारे दांडे असतात, आणि निशाण हलत नाही. परंपरागत धनुष्याला यातले काहीच नसते. जंगलातले अंतर डोळ्यांनी ठरवायचे, आणि स्प्रूसच्या गर्दीत, उतारावर, मंद उजेडात डोळा पाच यार्डांनी सहज चुकतो. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवून या चुकीची किंमत काढता येते. वीस यार्ड समजून पंचविसावर सोडलेला बाण १९ सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे परातीच्या काठावर का होईना पण आत. चाळीस समजून पंचेचाळिसावर सोडलेला ३४ सेंटिमीटर खाली, परातीच्या पार बाहेर. हात दोन्ही वेळा तितकाच चांगला होता. कौशल्याने हाताची चूक कमी होते, अंदाजाची थोडी कमी होते, पण जनावराच्या मनात काय आहे ते कोणत्याही सरावाने कळत नाही.

हे पटले की सराव कसला करायचा हेही बदलते. परसात ठरावीक अंतरावर उभे राहून सहा-सहा बाणांचे झुपके जमवणे हे अंगवळणी पडण्यासाठी ठीक आहे, पण शिकारीत सहावा बाण नसतो. मोजायचा तो दिवसातला पहिला बाण, अंग गार असताना सोडलेला. जुने धनुर्धारी रानात भटकत कुजलेल्या खोडांवर बोथट टोकाचे बाण सोडत. दरवेळी नवे अंतर, नवा उतार, कधी गुडघ्यावर, कधी फांदीखालून. माझी सूचना अशी: शेवटचे दोन महिने रोज असा पहिला बाण सोडावा, वीस सेंटिमीटरच्या थाळीवर, म्हणजे परातीच्या निम्म्या मापावर, आणि निकाल वहीत लिहावा. ज्या अंतरावर थाळी चुकायला लागते, त्याच्या अलीकडे आपली हद्द. ती सोळा यार्ड निघाली तर सोळा. ही हद्द घरी, वहीवर ठरवायची. कारण सप्टेंबरच्या पहाटे समोर नर हुंकारत उभा असताना माणूस जो हिशेब करतो, त्याला हिशेब म्हणत नाहीत.

बाणाच्या वजनाचे कोडेही इथेच सुटते. जड बाण हळू जातो, मग वेळ वाचवायचा तर हलका बाण नको का? कंपाउंडच्या २६ ग्रॅमच्या बाणाचा वेग ८५ मीटर धरला, तर त्याची गतिज ऊर्जा ९४ ज्यूल भरते. आपल्या ३९ ग्रॅमच्या बाणाची जेमतेम ५३. पण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढला तर तिकडे २.२ आणि इकडे २.०, जवळपास बरोबरी. मोठ्या रायफलच्या गोळीत साडेतीन-चार हजार ज्यूल असतात. त्या तुलनेत दोन्ही बाणांची ऊर्जा क्षुल्लक आहे. बाण धक्क्याने मारत नाही, कापून मारतो. त्याने कातडी, बरगड्यांमधली फट आणि दोन्ही फुप्फुसे पार करायला हवीत, आणि हाडामांसातून पुढे सरकत राहायला संवेग कामी येतो. डॉ. एड ॲशबी यांनी १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये प्रत्यक्ष जनावरांवर बाण किती खोल जातात याचा अभ्यास सुरू केला आणि पुढे अनेक वर्षे चालवला. जाड हाड भेदायचे तर ६५० ग्रेनच्या आसपास वजन हवे, हा त्यांचा निष्कर्ष सगळे सांगतात. पण त्यांच्या यादीत वजन पहिले नाही. आधी बाण आणि पाते मोडू नये, मग बाण न डगमगता सरळ जावा. वस्तऱ्यासारखे धारदार दोन पात्यांचे फळ आणि सरळ उडणारा बाण, हे वजनाआधीचे काम आहे. आणि जड बाणाचा वेळेतला तोटा वीस यार्डांवर सेकंदाच्या काही शतांशांचा. जवळून मारणाऱ्याला जड बाण परवडतो. दूरचा मोह असलेल्यालाच हलक्या बाणाचे गणित करावे लागते.

आता जवळ जायचे कसे, हा खरा कष्टाचा भाग. एल्क आपल्या सांबरापेक्षा साधारणपणे मोठा, नराचे वजन सव्वातीनशे किलोच्या घरात. भारतात त्याचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा हंगुल. सप्टेंबरात माजावर आलेला नर शिळेसारखा सूर काढतो. मादीच्या मांजरासारख्या आवाजाची नक्कल करून त्याला बोलावता येते, पण त्याचे नाक फसत नाही. डोंगरात पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढले की वर चढू लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून पहाटे खालून जायचे, ऊन तापल्यावर वरून. वारा उलटला तर पूर्ण सोंड उतरून, दरी ओलांडून, पलीकडून पुन्हा चढायचे, म्हणजे तीन हजार मीटरच्या विरळ हवेत दोन तास. नेमक्या अशाच वेळी थकलेला माणूस मनाशी म्हणतो की चाळीसवरूनच सोडू या. दम आणि पाय यांची तयारी करायची ती यासाठी. छातीचा भाता चांगला असेल तर वळसा घ्यायला मन तयार होते. आणि अगदी शेवटी, जनावराचे डोके झाडाआड गेल्यावरच धनुष्य ओढायचे, कारण कंपाउंड पूर्ण ओढल्यावर बराचसा भार चाके पेलतात, तसे इथे होत नाही. पन्नास पौंड पन्नासच राहतात, आणि ते दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवले तर हात थरथरतो.

जवळ जाण्याची ही विद्या जुनी आहे. इशी या याही जमातीच्या शेवटच्या माणसाकडून डॉ. सॅक्स्टन पोप यांनी कॅलिफोर्नियात १९१०च्या दशकात धनुर्विद्या शिकली. निशाणावर लांबून मारण्यात इशी काही अव्वल नव्हता. त्याची खरी विद्या होती जनावराच्या जवळ पोचण्याची, त्याला जवळ बोलावण्याची. पुढे पोप आणि त्यांचे शिकारसोबती आर्ट यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये धनुर्धारी शिकाऱ्यांचा क्लब निघाला आणि १९६९ मध्ये हॉलिस विल्बर ॲलन यांना कंपाउंडचे पेटंट मिळाले. यंत्र सुधारले तसे जवळ जाण्याचे काम माणसाकडून हत्याराकडे सरकत गेले.

आता वाचकांचा दुसरा प्रश्न, दयेचा. रायफलने झटकन काम होत असेल, तर मुद्दाम कमजोर हत्यार का घ्यावे? या आक्षेपात तथ्य आहे. अनोळखी अंतरावरून लाँगबोने बाण सोडणारा माणूस क्रूरच. पण तोच सेकंदांचा काटा इतरांनाही लावा. कंपाउंडच्या बाणाला साठ यार्ड कापायला ०.६५ सेकंद लागतात, म्हणजे लाँगबोच्या सदतीस यार्डांइतके. रायफलची गोळी सहाशे यार्डांवर पोचायला पाऊण सेकंद किंवा थोडा अधिकच घेते. पाऊण सेकंदात चालते जनावर एक मीटर सरकते, मग येणारी वस्तू लाकडाची असो की शिशाची. कोणत्याही हत्याराची ताकद शिकारी अंतर वाढवण्यात उधळू शकतो. गोळीचा घाव मोठा, त्यामुळे चूक थोडी अधिक झाकली जाते, एवढे मान्य. पण ०.३५ सेकंदाच्या आत राहणारा धनुर्धारी आणि तीनशे यार्डांच्या आत राहणारा रायफलवाला यांची शिस्त एकच आहे. धनुर्धाऱ्याला ती मोडण्याची सवलत कमी, इतकेच. तिची किंमत तो रिकाम्या हाताने देतो. कोलोरॅडोत कंपाउंडवाले धरूनही दहा तिरंदाजांत एखाद-दुसराच एल्क घेऊन परततो. वाचक विचारत होते ही किंमत जनावराने का मोजावी. हद्द पाळली तर ती शिकारीच मोजतो.

ओझ्याचा लेख पुढच्या आठवड्यात नक्की. अमेरिकेच्या १९६४च्या कायद्याने राखलेल्या रानात मोटारच काय, सायकलही चालत नाही, आणि हाडे काढून एका नराचे मांस शंभर किलोच्या आसपास भरते. सप्टेंबरच्या दुपारी ऊन चांगलेच तापते, आणि मांस नासायच्या आत खाली आणायचे असते. त्यामुळे पुढच्या वेळी घड्याळ असेच हाती ठेवू, फक्त मोजायचे तासांत.