वेदनेच्या दारावर विजेची थाप

१९७१ च्या जुलै महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ पत्रकार जेम्स रेस्टन चीनच्या दौऱ्यावर होते. पेकिंगमध्ये असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला आणि तेथील रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री पोट फुगून त्यांना बेचैन वाटू लागले. तेव्हा तेथील अॅक्युपंक्चरच्या वैद्यांनी त्यांच्या संमतीने उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली लांब, बारीक सुया टोचल्या. तासाभरात त्यांना बराच आराम पडला. ही हकीकत रेस्टन यांनी २६ जुलैच्या अंकात लिहिली आणि अमेरिकेत अॅक्युपंक्चरची एकच चर्चा सुरू झाली. पुढे ही गोष्ट तोंडोतोंडी इतकी वाढली की, रेस्टन यांचे ऑपरेशनच सुयांची भूल देऊन झाले असे आजही सांगितले जाते. वस्तुतः ऑपरेशनच्या वेळी त्यांना नेहमीचीच भुलीची इंजेक्शने दिली होती. सुयांचा उपयोग झाला तो नंतर. या विषयात खरे किती आणि चढवलेले किती हे पदोपदी तपासावे लागते, म्हणून ही गोष्ट आरंभीच सांगितली.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने या वाटेला का जावे, असे काही वाचक विचारतील. त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या आत्याचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षे दुखतात. वेदनाशामक गोळ्यांनी तिला पित्ताचा इतका त्रास होऊ लागला की डॉक्टरांनी त्या कमी करायला सांगितल्या आणि फिजिओथेरपी विभागात ‘करंट’ घ्यायला पाठवले. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. आत्या म्हणते, “मशीन लावलं की दोन-तीन तास तरी गुडघा माझा असतो.” काका म्हणतात, “सगळे मनाचे खेळ.” मनाचे खेळ हाच ज्याचा अभ्यासविषय, त्याला हे ऐकून स्वस्थ कसे बसवेल?

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. हाताच्या पंज्यात मावेल एवढी पेटी, आत लहानशी बॅटरी, बाहेर दोन वायरी आणि त्यांच्या टोकांना त्वचेवर चिकटणाऱ्या रबरी पट्ट्या. पेटीतून सलग प्रवाह येत नाही. सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरतेच टिकणारे विजेचे सूक्ष्म ठोके येतात. सेकंदाला किती ठोके द्यायचे आणि ते किती जोराचे, हे दोन बटणांनी ठरवता येते. एके दिवशी तेथील बाईंनी माझ्याच हातावर एक पट्टी लावून दाखवली. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या मांसल उंचवट्यावर, ज्याला चिनी वैद्य ‘हेगू’ म्हणतात. ठोके सेकंदाला शंभर असताना नुसत्या मुंग्या आल्या. मग त्यांनी ते दोनवर आणून जोर वाढवला, तेव्हा माझा अंगठा टपालकचेरीत शिक्का मारणाऱ्या कारकुनासारखा आपोआप उडू लागला! दुखले मात्र नाही.

हे दोन प्रकार दोन निरनिराळ्या मार्गांनी काम करतात.

पहिला मार्ग आपण सर्वजण रोज वापरतो. चौकटीवर कोपर आपटले की आपला दुसरा हात न सांगता तेथे जातो आणि आपण चोळू लागतो. चोळल्याने बरे का वाटते? रोनाल्ड मेल्झॅक हे कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ (होय, मानसशास्त्रज्ञच) आणि पॅट्रिक वॉल हे ब्रिटिश संशोधक यांनी १९६५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात याचे एक उत्तर मांडले. वेदनेचा निरोप बारीक मज्जातंतूंमधून मज्जारज्जूत येतो. स्पर्शाचा निरोप जाड तंतूंमधून येतो आणि तो अधिक वेगाने धावतो. मज्जारज्जूत या निरोपांच्या वाटेवर जणू एक दार आहे. जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते दार लोटले जाते आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोहोचतो. शिवाय मेंदूही वरून ते दार उघडू किंवा लोटू शकतो. भीती, लक्ष, अपेक्षा यांचा वेदनेवर परिणाम होतो तो यामुळे. उपपत्तीतील बारकावे पुढे बदलले, पण गाभा टिकला. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेचे सौम्य ठोके देऊन जाड तंतू चाळवून पाहिले. आधी त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यातील मज्जातंतूवर प्रयोग केला आणि मग रुग्णांवर. वेदना तात्पुरती शमली. सेकंदाला शंभर ठोके म्हणजे न थकता केलेले चोळणेच म्हणा ना!

दुसऱ्या मार्गाचा शोध पेकिंगमध्येच लागला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील हान जीशेंग हे १९६५ पासून सुयांच्या वेदनाशमनाचा अभ्यास करीत होते. त्यांनी एका सशाला अर्धा तास सुयांचे उपचार दिले, त्याच्या मेंदूभोवतीचा द्रव काढला आणि ज्याला सुई लागलेलीच नव्हती अशा दुसऱ्या सशाच्या मेंदूच्या पोकळीत सोडला. त्या दुसऱ्या सशाचीही वेदना सोसण्याची मर्यादा वाढली. म्हणजे द्रवात काहीतरी उतरले होते. दुसरा ससा काही सूचनेला बळी पडणारा नव्हता, हे आमच्या काकांनी ध्यानात घ्यावे.

ते ‘काहीतरी’ काय असावे याचा उलगडा १९७५ साली झाला. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी अफूसारखी द्रव्ये, एनकेफॅलिन, शोधून काढली. लगेच एक कसोटी सुचली. नॅलोक्झोन नावाचे औषध अफूचा परिणाम उतरवते. ते दिल्यावर सुयांचा परिणामही उतरतो का? १९७७ साली डेव्हिड मेयर व सहकाऱ्यांनी माणसांच्या दातदुखीवर हे तपासले आणि तसे होते असे आढळले. पुढे हान यांनी सुयांना व त्वचेवरच्या पट्ट्यांना वीज जोडून दाखवले की, सेकंदाला २ ठोके दिले तर मुख्यतः एनकेफॅलिनच्या जातीची द्रव्ये स्रवतात आणि १०० दिले तर डायनॉर्फिन. म्हणून त्यांच्या यंत्रात हे दोन वेग आलटून पालटून येतात. याला एक मर्यादाही त्यांनीच दाखवली: तासन्‌तास उपचार चालू ठेवले की शरीर सरावते आणि गुण येईनासा होतो. अफूचाच हा गुणधर्म! म्हणून अर्धा तास पुरे.

आता खरा वादाचा मुद्दा. पट्टी चिनी बिंदूवरच लावायला हवी का? परंपरेनुसार ‘ची’ नावाची प्राणशक्ती शरीरातील ठराविक वाहिन्यांतून वाहते आणि बिंदू त्या वाहिन्यांवर असतात. शवविच्छेदनात या वाहिन्या कोणाला सापडलेल्या नाहीत. पण बिंदूंपैकी पुष्कळसे मोठ्या मज्जातंतूंच्या जवळ किंवा स्नायूंच्या हळव्या जागी आहेत, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील डॅलस येथे याविषयी दोन फार नेटके प्रयोग झाले. १९९७ च्या प्रयोगात ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेल्या १०१ स्त्रियांना हेगू बिंदूवर व जखमेच्या कडेला वीज दिली. वेदनाशामक औषध त्या बटण दाबून स्वतःच घेत होत्या, म्हणजे मोजमाप ज्याच्या त्याच्या वेदनेनेच व्हायचे. जोरकस प्रवाह मिळालेल्यांना औषध ६५ टक्के कमी लागले, सौम्य प्रवाहवाल्यांना ३४ टक्के, आणि ज्यांना पट्ट्या लावून प्रवाह दिलाच नाही त्यांनाही २३ टक्के कमी लागले. यातले २३ काकांचे आणि उरलेले आत्याचे, असे मी घरी जाहीर केले; दोघेही नाराज झाले.

दुसरा प्रयोग १९९८ चा. काही स्त्रियांना गुडघ्याखालच्या ‘झूसानली’ बिंदूवर, काहींना जखमेच्या बाजूला आणि काहींना खांद्यावर, जेथे बिंदू नाही तेथे, प्रवाह दिला. पहिल्या दोन गटांना जवळजवळ सारखाच फायदा झाला. खांद्याचा उपयोग झाला नाही. माझ्या मते यातून दोन्ही बाजूंच्या हट्टी लोकांना उत्तर मिळते. कुठेही लावले तरी चालते असे नाही, आणि फक्त चिनी नकाशावरच लावले पाहिजे असेही नाही. मज्जातंतू कोणता, ते पाहायचे.

मात्र जुनाट दुखण्यांत चित्र इतके उजळ नाही. १९९० साली अमेरिकेतील रिचर्ड डेयो यांनी जुन्या कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवर त्वचेवरच्या यंत्राची परीक्षा घेतली, तेव्हा खऱ्या आणि बंद यंत्रात काही फरक पडला नाही. व्यायामाने मात्र फरक पडला. अशा परीक्षांची आणखी एक अडचण आहे. खोटी गोळी खऱ्यासारखी करता येते, पण मुंग्या न येणारे यंत्र रुग्ण लगेच ओळखतो.

ही विद्या आपल्या देशात आली त्या वाटेवर आम्हा सोलापूरकरांचे एक नाव आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. कोटणीस शल्यविशारद, १९४२ साली ते तेथेच वारले. सुयांशी त्यांचा संबंध जोडणे बरोबर नाही. पण त्यांचे सहकारी बसू १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी तिचा पाया घातला. कोटणीसांच्या सोलापुरातील घराचे आता स्मारक झाले आहे. तेथे जाणाऱ्यांनी बसूंचेही नाव आठवावे.

हे यंत्र हल्ली औषधांच्या दुकानात सहज मिळते, म्हणून दोन शब्द. हृदयात पेसमेकर असेल तर ते वापरू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूस, जखमेवर आणि बधिर त्वचेवर पट्टी लावू नये. गरोदर स्त्रियांनी व फेफऱ्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि कारण न कळलेल्या दुखण्यावर तर मुळीच नको. रेस्टन यांचे सुजलेले अपेंडिक्स पेकिंगच्या डॉक्टरांनी आधी कापून काढले, सुया मागाहून आणल्या.