प्लेगचे जंतू आणि प्लेगची माणसं

2020 च्या मार्चमध्ये करोनाचे मुंबईतले पहिले रुग्ण चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्या जागेचा इतिहास फारसा कुणाला आठवला नाही. हेच पूर्वीचं आर्थर रोड हॉस्पिटल. 1896 च्या ऑक्टोबरात, शहरात प्लेग नुकता ओळखला गेला असताना, गिरणी कामगारांचा मोठा जमाव या दवाखान्यावर चालून गेला होता. आतल्या नोकरांना मारहाण झाली, मोडतोड झाली. ज्यांना त्या दवाखान्याची सर्वांत जास्त गरज होती, तीच माणसं त्याच्यावर तुटून पडली.

ती का तुटून पडली, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही. प्लेगचा जंतू यर्सिनने 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला होता. मुंबईत मांडवीच्या धान्य-गोदामांच्या वस्तीत 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोगाचं नेमकं निदान केलं. म्हणजे रोग कोणता, हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे की, दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही असं चाळीतले लोक का मानतात. कामावर चाललेल्या धडधाकट कामगाराला आपल्यालाही उचलून नेतील अशी धास्ती का वाटते. नवऱ्याच्या अंत्यविधीची सूत्रं सरकारच्या हाती जाणं बायकोला मरणापेक्षा वाईट का वाटतं. आजार आणि वैद्यक यांच्याकडे इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि साहित्य यांच्या नजरेतून पाहणारी जी अभ्यासशाखा गेल्या पन्नासेक वर्षांत वाढली, तिला असे प्रश्न पडतात. ती समजून घ्यायला मराठी वाचकाने दूर जायची गरज नाही. मुंबई-पुण्याचा प्लेग हा तिचा जगभर शिकवला जाणारा धडा आहे. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या 1993 च्या ‘कॉलोनायझिंग द बॉडी’ या पुस्तकात प्लेगवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मुंबईच्या कामगारांचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनीही प्लेगच्या घबराटीवर लिहिलं आहे.

सरकारने काय केलं, ते आधी पाहू. गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली. जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरांची कौलं काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली. रोग घाणीत आणि कोंदट हवेत असतो, ही त्या काळची पक्की समजूत होती. उंदराच्या अंगावरच्या पिसवेकडे बोट दाखवणारा पॉल-लुई सिमोंचा प्रयोग कराचीत 1898 मध्ये झाला आणि तोही पुढे काही वर्षं कुणी मनावर घेतला नाही. थोडक्यात, लोकांची घरं उकरताना शास्त्राच्या नावाने जे चाललं होतं, त्यातलं बरंचसं शास्त्र अर्धंकच्चं होतं. उलट, उंदीर पटापट मरू लागले की घर सोडायचं आणि माळावर खोपट बांधून राहायचं, हा खेड्यांतल्या लोकांचा शिरस्ता नंतरच्या शास्त्राच्या कसोटीला उतरला. अडाणी कोण आणि जाणता कोण, याचा हिशेब इथे जरा उलटा लागतो.

4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा. त्यातलं शेवटचं कलम म्हणजे, या कायद्याखाली सद्हेतूने काही केलं तर कुणावर दावा लावता येणार नाही. कायद्यात औषधाचा शब्द नाही, रुग्णाच्या हक्काचा तर नाहीच. तपासणीचा, अलग ठेवण्याचा, आगगाडीचे प्रवासी उतरवण्याचा अधिकार मात्र भरपूर. मुंबई सोडणाऱ्यांची कल्याण स्टेशनवर तपासणी होई. काखा आणि जांघांत गाठ आहे का, हे बघायचं, म्हणजे बाईमाणसाचीही तशी तपासणी.

पुण्यात 1897 च्या मार्चात दोन गोष्टी घडल्या आणि त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत, असं मला वाटतं. हडपसरच्या बाजूला डॉ. यशवंत फुले यांनी माळावर दवाखाना उघडला होता. तिथे रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करताना त्यांच्या आई सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. त्याच महिन्यात शहरात वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या सुरू केल्या. सोजीर देवघरात, स्वयंपाकघरात शिरत. जंतू एकच, गाव एकच; एकीकडे रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी बाई, दुसरीकडे रुग्ण लपवला आहे का म्हणून दारावर बंदुकीचा दस्ता. पुढचं सर्वांना माहीत आहे. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड 3 जुलैला. टिळकांना ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल अठरा महिन्यांची सजा झाली. शाळेच्या पुस्तकात ही राष्ट्रीय चळवळीची गोष्ट म्हणून येते. ती सार्वजनिक आरोग्याचीही गोष्ट आहे.

आता पुराव्याचा प्रश्न. झडत्यांत नेमकं काय झालं? सरकारी अहवाल म्हणतो, सोजिरांची वर्तणूक चांगली होती. ‘केसरी’ म्हणतो, जुलूम झाला. दामोदर चापेकरांचं तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त तिसरंच बोलतं. त्यात प्लेगइतकाच धर्माचा आणि सुधारकांचा राग आहे. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांची कशी आबाळ होते, यावर जाहीर पत्र लिहिलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं तिथल्या वृत्तपत्राला सांगितलं. परत आल्यावर साक्षीला कुणीच उभं राहिना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. वकील म्हणेल, प्रकरण संपलं. इतिहासकार इथे थांबत नाही. 1897 च्या पुण्यात कुठल्या घरची बाई पुढे येऊन तसं सांगणार होती, हा प्रश्न तो विचारतो. आणि त्याच दमात, म्हणून ते घडलंच असं ठोकूनही देत नाही. हा संयम शिकायला डॉक्टरांनाही हरकत नाही, कारण रुग्णाच्या गप्प बसण्याचा अर्थ रोजच लावावा लागतो.

पैशाची बाजू तर आपल्याकडे फारच कमी सांगितली जाते. मुंबईतून लोक लाखांनी पळाले. 1891 च्या जनगणनेतली 8 लाख 21 हजारांची वस्ती 1901 मध्ये 7 लाख 76 हजारांवर आली. गिरण्यांना हात मिळेनात. एरवी मालक महिना-दीड महिन्याचा पगार अडकवून ठेवत. आता कामगार रोजचे पैसे रोज मागू लागले, नाक्यावर मजुरीची बोली लागू लागली. प्लेगमुळे कामगाराला काही काळ आपली किंमत ठरवता आली. त्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याची आखणी झाली; पण पाडलेल्या खोल्यांतली गरीब माणसं शेजारच्या चाळीत अधिकच दाटीने कोंबली गेली.

लसीची कथाही नुसती प्रयोगशाळेची नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या खोलीत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. लोक ती घेईनात, तेव्हा आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतली आणि त्या समाजाची भीड चेपली. 1902 मध्ये पंजाबात मुलकोवाल इथे एका कुपीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिनवर आला, तो धुऊन निघायला पाच वर्षं लागली. लोकांचा विश्वास बसवायला लागलेली मेहनत एका दूषित कुपीने वाया गेली.

आणखी एक गोष्ट टोचते. सक्तीचे उपाय सरकारने दीड-दोन वर्षांत ढिले केले, दंगे थांबले, कागदपत्रांतला आरडाओरडा कमी झाला. प्लेग मात्र तेव्हा कुठे वाढत होता. 1907 या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसं त्याने मेली, त्यांत फार मोठा वाटा पंजाबचा. पंजाबातल्या खेड्यांवर आपण एक ओळ वाचलेली नसते. जिथे बंदूक चालली तिथला इतिहास मिळतो. जिथे माणसं मुकाट मेली तिथला नाही.

भीती ऐकून घेऊन दवाखाना बांधता येतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींना इस्पितळाच्या मोठ्या इमारतीचीच धास्ती वाटते हे समजल्यावर संस्थेच्या शोधग्राम या ठिकाणचा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभारला गेला आणि लोकांच्या म्हणण्यावरून त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये 1989 साली आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यांसाठी आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. रोग शरीरात होता. तो इतकी वर्षं दडून राहिला तो लाजेमुळे, आणि विचारणारं कुणी नव्हतं म्हणून.

वैद्यकीय शिक्षणात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद हे विषय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण रुग्णाशी गोड कसं बोलावं, एवढ्यावर ते संपणार असतील तर उपयोग थोडा. मुंबईच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला आर्थर रोडच्या जमावाबद्दल एक तास शिकवायला काय हरकत आहे? 1897 चा तोच साथरोग कायदा 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला आणि आरोग्यसेवकांवरचे हल्ले रोखण्यासाठी त्यात शिक्षेची तरतूद घालावी लागली. हे हल्ले का होतात, याबद्दल कायदा आजही गप्पच आहे.

प्लेगचं बोलणारी पिढी आता नाही, करोनाची आहे. तुमच्या घरात 2020-21 चा ई-पास, सोसायटीची नोटीस, हॉस्पिटलचं बिल, चालत गावी गेलेल्या नातेवाइकाने सांगितलेली हकीकत असेल तर ती रद्दीत टाकू नका. तारीख, गाव आणि मजुरीचा आकडा लिहून जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.