उक्कु, तुक्कु आणि मधली काळी पपडी

आमच्या घरात दोन भाषा सुखाने नांदतात. माझी भावजय गोकाककडची, तिचं माहेर कानडी. मला कानडी यायची ती बाजारापुरती; घरातली कानडी मी तिच्याकडून शिकले. पोलादाला कानडीत 'उक्कु' म्हणतात आणि गंजाला 'तुक्कु'. एकेकाळी युरोपात गाजलेल्या 'वूट्झ' या भारतीय पोलादाचं नावही 'उक्कु'वरूनच आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. "एका अक्षराचा तर फरक, अक्का," असं ती हसत म्हणाली होती. त्या एका अक्षरापायी आमच्या घराला पुढे चांगलाच चटका बसला. त्याचीच ही हकिकत.

माझ्या धाकट्या भावाचं उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं लहानसं शेड आहे. पत्रा कापायचं शिअरिंग मशीन, वाकवायचं प्रेस ब्रेक, दोन वेल्डिंग सेट आणि पाच कामगार, एवढाच पसारा. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते म्हणून हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. बँकेच्या कर्जाला जामीनही मीच राहिले.

सन 2016च्या उन्हाळ्यात त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या तेलाच्या टाक्या, नग 24. आपल्या बेळगावात फौंड्र्यांच्या जोडीने हायड्रॉलिकचा व्यवसायही चांगला रुजलेला आहे, त्यामुळे काम ओळखीचं होतं. एक टाकी साधारण 100 लिटरची, पत्रा 3 मिलिमीटर जाडीचा. पत्र्याच्या व्यापाऱ्याने दोन भाव लिहून दिले होते. एक साध्या एचआरचा, म्हणजे हॉट रोल्ड पत्र्याचा. दुसरा 'एचआरपीओ'चा, किलोमागे पाच रुपये जास्त.

"हे पीओ काय आहे?" मी विचारलं.

"पिकल्ड अँड ऑइल्ड. साफ करून तेल लावलेला पत्रा, अक्का."

"नुसतं पुसून तेल लावायचे पाच रुपये? साधाच घे. ब्रश मारून घ्या की."

तो क्षणभर थांबला. मग "बरं" म्हणाला. मोठी बहीण, त्यात जामीनदार, त्यात अर्थशास्त्राची प्राध्यापिका. तो तरी काय बोलणार? आठशे किलो पत्र्यावर मी चार हजार रुपये वाचवले आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं.

तापलेल्या पोलादाची साय

ऑगस्टमध्ये, भर पावसात, गिऱ्हाइकाचा फोन आला. दोन ठिकाणी पंप जाम झाले होते. फिल्टर काळ्या कचऱ्याने भरले होते. सगळ्या टाक्या परत घ्या, असा निरोप होता.

संध्याकाळी मी शेडवर गेले. भावाने परत आलेल्या टाकीच्या तळातला काळा चुरा कागदावर घेतला आणि त्याच्याजवळ लोहचुंबक नेलं. चुरा टपकन चिकटला. "ही मिल स्केल," तो म्हणाला. "बाहेरून आलेला कचरा नव्हे. पत्र्याचीच आहे."

त्या दिवसापासून मी हा विषय समजून घेतला. दूध तापलं की वर साय धरते, तसंच काहीसं पोलादाचं होतं. कारखान्यात पोलादाची जाड लादी सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि रुळांमधून दाबत दाबत तिचा लांबच लांब पत्रा काढतात. मग त्याची गुंडाळी करतात, तिलाच कॉइल म्हणतात. आपल्या राज्यात बळ्ळारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूला अशा कॉइल तयार होतात. लालबुंद पोलादाला हवेतला प्राणवायू लागला की पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडची पपडी धरते. रुळांवर चढण्याआधी पाण्याचा जोरदार फवारा मारून ती उडवतात, पण पत्रा तयार होऊन थंड होईपर्यंत पुन्हा पातळ पपडी येतेच. हीच ती निळसर काळी चकाकी. अनेकांना ती मजबुतीची खूण वाटते. मलाही वाटायची.

या पपडीत तीन थर असतात. पोलादाला लागून वुस्टाइट, मध्ये मॅग्नेटाइट आणि सर्वांत वर हेमटाइटचा पातळ पदर. जाडी साधारण 5 ते 15 मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. ऐकायला हे अगदी किरकोळ वाटतं. म्हणून मी हिशेब मांडला. आमच्या एका टाकीचा आतला पृष्ठभाग 1.38 चौरस मीटर होता. पपडी 10 मायक्रॉन धरली तरी वजन भरतं सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या चहापुडीचा पाऊण भाग! आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधल्या फिरत्या भागांतली फट असते काही मायक्रॉनची. तिथे हा चुरा शिरल्यावर दुसरं काय होणार?

पपडी कडक असते, पण ठिसूळ. पत्रा वाकवला की पोलाद वाकतं आणि पपडी तडकते. वेल्डिंगच्या उष्णतेने आणखी तडे जातात. नंतर तेल तापतं, निवतं, पंपाची थरथर चालूच असते आणि एकेक कण सुटत राहतो. कामगारांनी वायर ब्रश मारला होता, पण ब्रशने सैल झालेली पपडी जाते, घट्ट बसलेली आणखी गुळगुळीत दिसू लागते इतकंच.

रंगाचीही हीच गत. पपडीवर दिलेला रंग पोलादाला धरत नाही, पपडीला धरतो. ती सुटली की रंगही घेऊन जाते. शिवाय तडा गेलेल्या जागी ओल शिरली की पपडी आणि उघडं पोलाद यांच्यात विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते, आणि त्यात झिजतं ते पोलाद. बेळगावच्या पावसाळ्यात हे व्हायला वेळ लागत नाही.

आम्ल, पाणी आणि तेल

मग ते 'पाच रुपये' कशाचे? कारखान्यात कॉइल उलगडून तिचा पत्रा कोमट-गरम हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाक्यांतून एकसारखा ओढत नेतात. आधी पत्र्याला किंचित ताण देऊन आणि वाकवून पपडीला मुद्दाम तडे पाडतात, म्हणजे आम्ल आत शिरतं. ते पपडी विरघळवतं. शिवाय आत सुटणारा हायड्रोजन वायूही तिला खालून उचलतो. पपडी गेल्यावर आम्लाने खालचं पोलाद खाऊ नये म्हणून त्यात 'इनहिबिटर' नावाचं द्रव्य घालतात. नंतर पत्रा स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर तेलाचा पातळ हात दिला जातो. लोणच्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून या कामाला 'पिकलिंग' म्हणतात. आमच्या भावजयीने हे ऐकून लगेच विचारलं, "म्हणजे उप्पिनकाई का? मग तेल हवंच की!"

तेल हवंच, कारण पपडी गेलेलं पोलाद अगदी उघडं पडतं. तेल पुसलं आणि दमट हवा लागली की ते लवकर गंजतं. म्हणून हा पत्रा पावसात, उघड्यावर ठेवायचा नसतो. वेल्डिंगच्या आणि रंगाच्या आधी मात्र तेल नीट पुसावं लागतं, नाहीतर वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात.

मोठ्या कारखान्यांत वापरलेलं आम्लही फेकून देत नाहीत. ते भाजून पुन्हा आम्ल मिळवतात आणि उरलेली लोहाची भुकटी रंगद्रव्यांसाठी आणि फेराइट चुंबकांसाठी वापरतात. अलीकडे आम्ल न वापरता, पाण्यातून पोलादाचे बारीक कण जोराने मारून पपडी काढायची पद्धतही आली आहे. आपल्या फौंड्र्यांत ओतीव माल शॉट ब्लास्टिंगने साफ करतात, त्याचंच हे भावंड म्हणायचं.

मागच्या बाजूचा ड्रम

टाक्या परत आल्यावर भावाने नुकसान भरून काढायला स्वतःच उपाय केला. शेडच्या मागे प्लॅस्टिकचा ड्रम मांडला, आम्लाचे कॅन आणले आणि नव्या टाक्यांसाठी कापलेले तुकडे त्यात बुडवायला सुरुवात केली. मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी हुशार कल्पना म्हणून कौतुकच केलं. दुसरी चूक.

आठ दिवसांत शेडमधल्या प्रेस ब्रेकच्या चकचकीत भागांवर तांबूस गंज दिसू लागला. आम्लाच्या वाफा सगळीकडे पसरत होत्या. एका पोऱ्याला खोकला लागला आणि एकदा त्याच्या मनगटावर शिंतोडे उडाले. भावजय डबा घेऊन गेली होती, तिने तो हात पाहिला. त्या रात्री आमच्याकडे जेवणं झाली नाहीत. "पत्रा साफ करायला पोराची छाती जाळता?" ती कानडीत म्हणाली; चिडली की ती कानडीतच बोलते. "आणि हे पाणी कुठं ओतणार? शेजारच्या बावीतच जाणार ना ते?"

तिचं बरोबर होतं. वापरलेलं पिकलिंगचं आम्ल हा कायद्यानेच धोकादायक कचरा ठरतो. ते गटारात ओतता येत नाही. मोठ्या कारखान्यात बंदिस्त टाक्या, वाफा ओढणारी यंत्रणा, पाणी शुद्ध करायची सोय असते. आपल्या मागच्या अंगणात यातलं काहीच नसतं. पाच रुपयांत आपण ही सगळी व्यवस्था विकत घेत असतो, हे मला तेव्हा कळलं. किमतीत न दिसणारा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो, हा धडा मी वर्गात अनेक वर्षं शिकवत होते. घरात तो माझ्या भावजयीने शिकवला.

दुसऱ्या दिवशी ड्रम हलला. एचआरपीओ पत्रा आणून 24 टाक्या नव्याने केल्या. दोन पंपांचे पैसे भरून द्यावे लागले. तीन महिने कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून गेला. साधा पत्रा कोणाच्या सांगण्यावरून घेतला, हे भावाने गिऱ्हाइकालाही सांगितलं नाही आणि घरातही कधी काढलं नाही. मीच ते इथे लिहून टाकते आहे.

कुठे हवा, कुठे नको

म्हणजे साधा एचआर पत्रा वाईट का? तसं मुळीच नाही. जाड बेस प्लेट, काँक्रीटमध्ये गाडायचे तुकडे, नंतर मशीनिंग होऊन वरचा थर जाणारच असलेले भाग यांना तो उत्तम. शॉट ब्लास्टिंग होणार असेल तरी चालतो. पण तेलाच्या टाक्या, वाहनांचे ब्रॅकेट, रॅक, मशीनची कव्हरं, पावडर कोटिंगचं काम यांना साफ पत्राच हवा. पंचिंगमध्ये कडक पपडी डाय झिजवते, लेझर कटिंगमध्ये ओबडधोबड पपडी कापाची कड बिघडवते. साफ पत्र्यावर दोन्ही कामं एकसारखी होतात. पातळ पत्रा लागत असेल तर लोक सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड घेतात. तोही आधी पिकलिंग करूनच पुढे लाटलेला असतो.

ओळखायलाही सोपं आहे. साधा एचआर निळसर काळा दिसतो. एचआरपीओ मळकट रुपेरी असतो आणि बोट फिरवलं की तेल लागतं.

घरासाठी गेट, कपाट किंवा जिन्याचं रेलिंग करून घेणाऱ्यांनी कारागिराला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. रंगाआधी पपडी कशी काढणार? आणि साफ केल्यावर प्राइमर किती वेळात लावणार? "रेड ऑक्साइड मारतो की" एवढंच उत्तर मिळालं तर पुढचा पावसाळा लक्षात ठेवा. पावडर कोटिंग असेल तर त्याआधी तेल, गंज काढून फॉस्फेटिंग करणारी टाक्यांची पूर्ण प्रक्रिया होते का, हेही पाहा. भट्टीत 180-200 अंशांना भाजलेला सुंदर रंगसुद्धा खालची पपडी सुटली की टिकत नाही. आणि कारागिराने थोडे पैसे जास्त सांगितले तर ते कशाचे, हे आधी ऐकून घ्या. मी ऐकलं नव्हतं.

शेड आता बरं चाललं आहे. हिशेबाच्या वह्या अजून माझ्याकडेच आहेत. पत्र्याचं कोटेशन आलं की भाऊ ते माझ्यापुढे ठेवतो आणि चेहरा गंभीर करून विचारतो, "अक्का, पीओला पैसे जास्त पडतात बघ. घेऊ ना?"

आतून भावजयीचं हसू ऐकू येतं. मी काही न बोलता सही करते.