बार्शी रोड

जुळे सोलापुरातील एखादे कुटुंब आगगाडीने पंढरपुरास किंवा लातुरास निघाले, म्हणजे वाटेत कुर्डुवाडीचे स्थानक लागतेच. सोलापूरहून पुण्याच्या दिशेने सुमारे ८० किलोमीटरवर हे गाव आहे. गाव फार मोठे नाही. येथे प्रसिद्ध देवस्थान नाही, किल्ला नाही, मोठी नदीही नाही. तरीही पुणे, सोलापूर, मिरज आणि लातूर या चारही बाजूंचे रूळ येथे एकत्र येतात. या गावाचे भाग्य रेल्वेने घडविले आणि ते घडण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. मुख्य लोहमार्ग एका भरभराटीच्या बाजारपेठेपासून दूर राहिला, म्हणून कुर्डुवाडीस महत्त्व आले.

१८५३ साली मुंबई ते ठाणे अशी आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. ती चालविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजेच जी.आय.पी. रेल्वेने, पुढे पुण्याहून आग्नेयेस रूळ टाकण्यास आरंभ केला. १८५९ मध्ये हे रूळ आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आले आणि १८६० मध्ये सोलापुरास पोहोचले. कापूस, धान्य व गळिताची धान्ये यांच्या व्यापारासाठी बार्शी हे गाव त्या काळी प्रसिद्ध होते. बालाघाटाच्या डोंगरापलीकडील निजामाच्या मुलखातूनही तेथे माल येत असे. परंतु बार्शी राहिली लोहमार्गापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर! तेव्हा जवळच्या या स्थानकाला रेल्वेने ‘बार्शी रोड’ असे नाव दिले. नावाचा अर्थ इतकाच, की बार्शी येथे नव्हे; बार्शीला जाणारा रस्ता येथून निघतो.

तो रस्ता बैलगाड्यांचा होता. बार्शीच्या पेठेतील कापसाच्या गाठी बैलगाड्यांवर लादून स्थानकापर्यंत आणाव्या लागत. उन्हाळ्यात धुरळा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल! चिखलात चाके रुतली म्हणजे गाडीवान आणि बैल दोघेही मेटाकुटीस येत. मुंबईपर्यंतचा लांबचा प्रवास आगगाडी सहज करी. पण आरंभीची ही थोडकी वाट व्यापाऱ्याला महाग पडे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे लक्ष या अडचणीकडे गेले. तो १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. बार्शीसारख्या गावाला जोडणारा मार्ग मुख्य मार्गाइतका रुंद व भक्कम बांधला, तर त्याचा खर्च कधीच भरून निघणार नाही, हे त्याने ओळखले. मुख्य मार्गाच्या दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट होते. कॅल्थ्रॉपने अवघ्या अडीच फुटांचा मार्ग सुचविला. ही कल्पना कागदावरून जमिनीवर उतरण्यास बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही छोटी गाडी सुरू झाली.

रूळ जवळजवळ टाकले, म्हणजे काम भागले असे मात्र नव्हे. मार्ग स्वस्त व्हावा म्हणून रूळ हलके घेतले होते आणि हलक्या रुळांवर जड इंजिन घातले, तर ते वाकावयाचे. लहान इंजिन घातले, तर ते थोडाच माल ओढावयाचे. या पेचातून कॅल्थ्रॉपने काढलेली वाट समजण्यास सोपी आहे. ओल्या शेतात चार पायांची खाट ठेवून तिच्यावर पाचसहा माणसे बसली, तर पाय मातीत रुततील. त्याच खाटेस आणखी काही पाय लावले, तर तीच माणसे बसूनही ती तितकी रुतणार नाही. कारण वजन अधिक ठिकाणी वाटले गेले. इंजिनाचे व डब्यांचे वजनही याच रीतीने वाटावयाचे त्याने ठरविले. चाकांच्या कोणत्याही एका जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्याचा नियम होता. इंग्लंडातील लीड्स येथील किट्सन कंपनीने या मार्गासाठी इंजिने बांधली. त्यांना ओढणारी आठ चाके आणि मागे आधाराची चार, अशी बारा चाके होती. मालाचे डबेही लांब आणि आठ चाकांचे केले. त्यामुळे दिसावयास छोटी असलेली ही गाडी ओझ्याच्या बाबतीत छोटी राहिली नाही.

कॅल्थ्रॉप मोठा हरहुन्नरी मनुष्य होता. त्याला अरबी घोड्यांचा नाद होता आणि घोड्यांविषयी त्याने एक पुस्तकही लिहिले. चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र १९१० साली विमान कोसळून मरण पावला. त्यानंतर वैमानिकांचे प्राण वाचविण्यासाठी हवाई छत्री तयार करण्याच्या कामी कॅल्थ्रॉपने आपली बुद्धी वेचली.

इकडे त्याची छोटी रेल्वे वाढत होती. १९०६ मध्ये ती पंढरपुरास पोहोचली. दूरदूरचे वारकरी मोठ्या गाडीने येत, या स्थानकावर उतरत आणि छोट्या गाडीत बसून विठोबाच्या भेटीस जात. १९११ मध्ये रूळ लातुरास गेले, १९२७ मध्ये मिरजेस. त्याच १९२७ साली कॅल्थ्रॉपचे निधन झाले. तोपर्यंत मार्गाची लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर झाली होती. स्थानकाच्या जोडीला कुर्डुवाडीस इंजिने व डबे दुरुस्त करण्याचा कारखानाही उभा राहिला. पुढे १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली.

एक उणीव मात्र आरंभापासून होती. अडीच फुटांच्या रुळांवरचा डबा साडेपाच फुटांच्या रुळांवर चालत नाही. लातूरची एक गाठ मुंबईस जावयाची असली, तर ती कुर्डुवाडीस छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. हमालांना काम मिळे. पण वेळ जाई आणि खर्चही वाढे. प्रवाशांचीही तीच गत. झोपलेली मुले, वळकट्या, फिरकीचे तांबे हे सारे घेऊन फलाट बदलावा लागे. बैलगाडीची अडचण दूर झाली, तिच्या जागी ही आली. ती आधीपेक्षा लहान होती, एवढे खरे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत मिरज ते लातूर हा सारा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला. त्या वेळी वळण घेऊन तो धाराशिव शहरापर्यंतही नेला. जुना मार्ग येडशीवरून जाई आणि शहर बाजूस राही. छोट्या गाड्या बंद झाल्या. त्यांच्या शिट्टीची सवय झालेल्या पुष्कळांना हळहळ वाटली, आणि ती वाटणे स्वाभाविकच होते.

थोड्याच वर्षांनी, २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूर शहरावर मोठे संकट आले. मांजरा धरण कोरडे पडले आणि लोकांना पिण्याचे पाणी मिळेना. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी नेण्याचे ठरले. राजस्थानातील कोटा येथे टाक्यांचे डबे आतून वाफेने स्वच्छ करून आणले गेले. पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातुरास पोहोचली. तिच्या दहा डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली आणि एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. हा क्रम ऑगस्टपर्यंत चालला.

त्या गाडीची वाट मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी होती. म्हणजे कॅल्थ्रॉपच्या कंपनीने जोडलेली तीच गावे! पाण्याने भरलेल्या एका डब्याच्या चाकांच्या प्रत्येक जोडीवर वीस टनांच्या आसपास भार येत होता. पाच टनांच्या हिशोबाने बांधलेल्या जुन्या रुळांना तो पेलला नसता. सुमारे ३४० किलोमीटरच्या त्या प्रवासात कुर्डुवाडीस पाण्याचा एक थेंबही या डब्यातून त्या डब्यात ओतावा लागला नाही. गाडी स्थानकातून गेली आणि बार्शीच्या रस्त्याला लागली.