खर्ज कुठे जातो?

मंडळी, आपली सिनेमाची खोली ४ मीटर लांब आहे असं धरू. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे ४३ हर्ट्झची लहर जवळपास ८ मीटरची. तिचा अर्धा भाग समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमका बसतो आणि तिथेच ठाण मांडतो. भिंतीलगत खर्ज घुमतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मग आपण आवाज वाढवतो. शेजारी वैतागतात, मधली खुर्ची कोरडीच! इंचभर फोम इथे निरुपयोगी, तो वरचे स्वरच शोषतो. आधी खुर्ची सरकवून पाहू, त्याला पैसे पडत नाहीत. मग कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड थर लावू. ‘खरा आवाज कोणता?’ असं विचारण्याआधी आपण बसलोय कुठे, हे विचारायला हवं.