उशिरा उघडलेले दार

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने टोलवायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्याच नावाने खेळला जाणारा खेळ मात्र अगदी निराळा आहे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हाताने फेकायचा, नाहीतर छातीशी कवटाळून शंभर यार्डांच्या मैदानातून धावत सुटायचे. हुतूतूत चढाई करणाऱ्या गड्याला जसे घेरून पाडतात, तसेच प्रतिपक्षाचे अकरा जण या धावणाऱ्यावर झेपावतात. धावणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे त्याचे पाय. केनी वॉशिंग्टनची कहाणी समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

केनीचा जन्म १९१८ साली लॉस एंजेलिस येथे झाला. तेथीलच विद्यापीठाच्या संघातून तो खेळला. १९३९ च्या हंगामात धावणे आणि चेंडू फेकणे या दोहोंनी मिळून पुढे नेलेल्या यार्डांच्या हिशेबात तो साऱ्या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंत पहिला आला. त्या संघात त्याच्याबरोबर वुडी स्ट्रोड आणि पुढे बेसबॉलमध्ये कीर्ती मिळविणारा जॅकी रॉबिन्सन हे होते. तिघेही कृष्णवर्णीय.

एवढा गुणी खेळाडू व्यावसायिक संघांनी हातोहात उचलावयास हवा होता. परंतु राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील एकाही संघाने त्याची निवड केली नाही. १९३३ नंतर त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उरला नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. तरी सलग बारा हंगाम दार बंदच राहिले. केनीने पोलिस खात्यात नोकरी धरली आणि पश्चिम किनाऱ्यावरील एका छोट्या लीगमध्ये ‘हॉलिवूड बेअर्स’कडून तो खेळत राहिला. याच काळात त्याचे गुडघे दुखापतींनी जायबंदी झाले.

मग हे दार उघडले कसे? मालकांचे मन पालटले म्हणून नव्हे. १९४६ साली ‘रॅम्स’ हा विजेता संघ क्लीव्हलंड सोडून लॉस एंजेलिसला आला. त्याला कोलिझियम हे प्रचंड क्रीडांगण हवे होते; पण ते सार्वजनिक मालकीचे होते. हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय क्रीडापत्रकाराने क्रीडांगणाच्या व्यवस्थापन समितीपुढे बिनतोड मुद्दा मांडला. जे मैदान सर्वांच्या करातून उभे राहिले, तेथे वर्णावरून खेळाडू वगळणाऱ्या संघाला जागा कशी मिळू शकते? अखेर २१ मार्च १९४६ रोजी रॅम्सने केनीशी करार केला. पाठोपाठ स्ट्रोडही संघात आला. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये रॉबिन्सन उतरला तो त्यानंतर एका वर्षाने.

केनी तेव्हा सत्ताविशीत होता. पण गुडघे म्हातारे झाले होते. तरीही १९४७ साली त्याने एकाच धावेत ९२ यार्डांचे अंतर कापले, आणि त्या हंगामात दर धावेमागे सरासरी ७.४ यार्ड मिळवून तो लीगमध्ये अव्वल ठरला. १९४८ अखेर तो निवृत्त झाला. जमेस अवघे तीन हंगाम! १९७१ साली वयाच्या ५२ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

हार्डिंगचा मुद्दा मात्र केनीच्या कारकिर्दीपुरता राहिला नाही. राजधानी वॉशिंग्टनचा संघ कृष्णवर्णीयांना दार बंद करून बसलेला शेवटचा संघ होता. त्याचे नवे मैदानही सरकारी जागेवर होते. केनेडी सरकारने तेच बोट धरून दडपण आणले, आणि १९६२ साली तो संघही वाकला.

अन्याय दूर झाला, असे इतिहास एका ओळीत लिहून मोकळा होतो. परंतु एकविसाव्या वर्षी मिळावयाचा न्याय सत्ताविसाव्या वर्षी मिळाला, तर मधली सहा वर्षे कोणी परत द्यावयाची? केनीच्या ९२ यार्डांच्या त्या धावेकडे पाहताना अभिमान वाटतो, आणि त्याच क्षणी मनात येते की, धड गुडघ्यांनी हा माणूस कसा धावला असता!